बेचाळीसातून सतरा

"बेचाळीसातून सतरा गेले. उरले किती?"

"पस्तीस," खारू म्हणाली.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. दुसरीच्या वर्गात सारखी पेन्सिल कुरतडणाऱ्या या मुलीचं खारू हे नाव त्यांनीच पाडलं होतं. शाळा सुटली की त्या तिच्या घरी येऊन वजाबाकी शिकवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिका खारूला पुन्हा दुसरीतच बसवायला निघाल्या, तेव्हा "मी करून घेते तिच्याकडून," असं बाई बोलून बसल्या होत्या.

"अगं, दोनातून सात जातील का? मग शेजारचा गठ्ठा सोडायचा." बाईंनी दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं. "घाबरू नको, काड्या कुठे पळून जात नाहीत."

खारूने सावकाश मोजलं. "पंचवीस."

"बघ, येतंय की!"

दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर पुन्हा पस्तीस.

घर मात्र चांगल्या माणसांचं होतं. वडिलांना रात्रपाळी. संध्याकाळी उठले की ते स्वतः चहा टाकायचे, बाईंच्या हातात कप द्यायचे आणि कोपऱ्यात पेपर उघडायचे. "आमच्या ठोंबीसाठी किती जीव आटवता हो," म्हणायचे. बाई निघेपर्यंत त्यांचीही कामावर जायची वेळ व्हायची. दोघं जिना बरोबरच उतरायचे.

कधी बाई लवकर आवरू लागल्या, की आई पुढे यायची. "अजून एक गणित घ्या ना, बाई. घाई नाही ना?"

घाई असायची. घरी सासूबाई जेवायला ताटकळायच्या, नवऱ्याचे टोमणे तयार असायचे. तरी बाई आणखी एक गणित घ्यायच्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्या डबा विसरला म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात परतल्या. आत खारू शेजारणीला शिकवत होती.

"दोनातून सात जातील का? मग आधी गठ्ठा सोड. घाबरू नको, काड्या कुठे पळून जात नाहीत."

बाईंचेच शब्द, बाईंचाच सूर. पुढची गणितं तर तिने काड्यांना हातही न लावता सोडवली. सगळी बरोबर.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी पोर, आणि आपल्याला इतके दिवस वेड्यात काढत होती!

संध्याकाळी त्या खाली बसल्याच नाहीत.

"हिला सगळं येतं," त्या वडिलांना म्हणाल्या. "मुद्दाम चुकत होती. मी इथे घसा कोरडा करायचा आणि हिने मजा बघायची!"

वडिलांनी पेपरची नीट घडी घातली. "काय गं, हे कुणी शिकवलं तुला?" आवाज अगदी मऊ होता.

खारूने आईकडे पाहिलं. आई एक पाऊल मागे सरली.

"उद्यापासून मी येणार नाही," बाई म्हणाल्या.

"बरोबर आहे तुमचं. फार त्रास झाला तुम्हाला." वडिलांनी दार उघडून धरलं. "खारू, जा, बाईंना खालपर्यंत सोडून ये."

बाई तरातरा जिना उतरू लागल्या. वर दाराला आतून कडी लागली. खारूने धावत येऊन त्यांचा हात घट्ट धरला.

"बाई, आईनेच सांगितलं होतं मला चुकायला. तुम्ही बसलेल्या असलात, की बाबा तिला न मारताच कामावर जातात."