वाऱ्यापुरती फट

बायडीनं सरपणाच्या राशीतली दोन लाकडं काढली आणि हातात तोलून पाहिली. वाळलेलं लाकूड खणकतं, ओलं बद्द वाजतं; म्हातारीचे कान त्यात फसत नसत. तिचा मुलगा जिव्या शेजारी उभा होता. ओटीवर त्याचा मेहुणा मंगळ्या बसला होता, बहिणीला, तानीला, बाळंतपणासाठी माहेरी मासवणला न्यायला आलेला. लाकूड ओलं निघालं तर तिला आजच भावाबरोबर निघायचं होतं.

"पौषाची थंडी. रातदिस विस्तव लागंल," बायडीनं आधीच बजावलं होतं. "धुरात माजी सून बाळंत होनार नाय." गाठोडं बांधायलाही तिनं सुनेला सकाळीच सांगितलं होतं.

थोरली पोर माहेरी झाली होती. जिव्यानं तिचं तोंड पाहिलं ते ती दोन महिन्यांची झाल्यावर. ती हुरहुर अजून त्याच्या मनातून गेली नव्हती.

आणि चूक त्याचीच होती. तारापूरच्या बांधकामावर मुकादमानं त्याला विटा रचायला शिकवल्या, म्हणून पठ्ठ्यानं पावसाळा संपताच घरामागं ओंडकेही तसेच रचले, बोट शिरायला जागा नाही. वर पाड्यात मिरवलाही. तानी तेवढी हसली होती. "तू भित बांदलीस," ती म्हणाली होती, "वारा जाल कुठून?"

दिवाळीला पाहतो तर आत बुरशी. मग दर सुट्टीला येऊन त्यानं ती रास मोडली, एकेक ओंडका मनगटाएवढा फोडला आणि आडवा-उभा, फटी ठेवून उन्हात रचला. हाताला आलेले फोड कामावर पाट्या उचलताना फुटले.

बायडीनं लाकडं एकमेकांवर आपटली. खणखणीत वाजली. पण वरच्या लाकडांवर भुलणारी ती नव्हती. वाकून तिनं तळातली दोन ओढून काढली. तीही खणकली. तरी ती आत गेली, लाकडं चुलीत सारली आणि एक फुंकर घातली. जाळ धरला. मान वर करून तिनं छपराखाली धूर शोधला. नव्हता.

"मंगळ्या, जेवून जा," ती म्हणाली. "तानी, गाठोडं सोड."

तानी जागची हलली नाही. जिव्यानं दारातून डोकावून पाहिलं. तिची दोन्ही लुगडी अजून दोरीवरच होती.