चार उजवी वळणं

चौथ्या उजव्या वळणावर ऊन पुन्हा समोरून तोंडावर आलं, तेव्हा सर सावध झाले.

डोळे गेल्यापासून ते गाडीत असेच बसत. तोंडातल्या तोंडात सेकंद मोजायचे, ऊन कुठल्या गालावर पडतंय ते जोखायचे. वेग, वेळ आणि दिशा हाती लागली की मनात बाण काढायचा, त्याच्या टोकाला पुढचा जोडायचा. पहिल्या बाणाच्या सुरुवातीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंत रेघ ओढली की आपण घरापासून नेमके कुठे, ते कळतं. जन्मभर त्यांनी पोरांना सदिश शिकवले होते.

"रस्ता चुकलीस का गं?"

"नाही बाबा. पुढे खोदून ठेवलंय." मुलगी गाडी चालवत होती. "डॉक्टर आहेत बारापर्यंत. पोचू आरामात."

चार सारखे बाण. चौकोन पुरा, बेरीज शून्य. खोदलेला रस्ता टाळणारा माणूस फिरून त्याच रस्त्यावर कशाला येईल?

मग गाडी डावीकडे वळली. ऊन उजव्या गालावर आलं आणि तिथून हललंच नाही. डोळ्यांचा दवाखाना पूर्वेला होता. गाडी उत्तरेला निघाली होती.

हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून. आता ती कॉलेजात तेच शिकवते. दुसऱ्या कुणाला बनवायचं असतं तर एक वळण पुरलं असतं. बाप बेरीज करत बसणार हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून तिने अख्खा चौकोन काढला.

"आपण दवाखान्यात जात नाही आहोत," ते म्हणाले.

गाडीचा वेग कमी झाला.

"वृद्धाश्रम चांगला आहे, बाबा. मी स्वतः बघून आले. तुम्ही ऐकलं नसतंत, म्हणून..."

"विचारलं होतंस?"

गाडी थांबली. फिनेलचा वास आला. "या आजोबा," म्हणत कुणीतरी त्यांना हाताला धरून एका खोलीत नेलं. मागून मुलगी येत होती, नाक ओढत.

पलंगाशेजारच्या टेबलावर सरांचा हात पडला आणि थबकला. रेडिओ. कोपऱ्यातला उडालेला टवका बोटांना लागला. त्यांचाच रेडिओ. दुरुस्तीला टाकलाय, असं ती गेला आठवडाभर सांगत होती.

त्यांनी बटण फिरवलं. बातम्या खणखणीत लागल्या.

दारातून मुलगी काहीतरी म्हणाली. सरांनी आवाज वाढवला.