बाजूची जागा

अठ्ठ्याण्णव साली माजिवड्याच्या माझ्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर नवा होता. एका दुपारी ठमाकाकू जोडीचा फोटो घेऊन आल्या. त्यांचे यजमान काळुरामदादा महिन्यापूर्वी गेले होते.

"याला हार घालायचाय. जित्या माणसाला हार चालत नाय. मला काढ त्यातनं."

मी फोटो स्कॅन केला. दोघं बाकावर बसून समोर बघत होते. काकूंच्या कडेकडेनं माऊस फिरवून मी त्यांना पुसलं. त्यांच्या जागी, कॉम्प्युटर रिकामा भाग दाखवतो तशा, राखाडी-पांढऱ्या चौकटी उरल्या.

काळुरामदादांची मान त्या चौकटींकडे वळलेली होती.

मी अनडू केलं. दोघं पुन्हा समोर बघायला लागले. काकूंना परत पुसलं, तर दादांची मान परत वळली.

"काकू, माझंच काहीतरी चुकतंय."

काकू स्क्रीनकडे बघून चक्क लाजल्या. "चार माणसांत कधी माझ्याकडं बघितलं नाय यांनी. राहू दे असंच."

"बरं. मग दादांना मधोमध घेतो."

"नको रे. बाजूची जागा ठेव," काकू समाधानानं म्हणाल्या. "फार दिवस मोकळी नाय राहायची ती."

मी स्क्रीनकडे वळलो. दादा बाकावर थोडे सरकून बसले होते.