टाके सोडणारं मशीन

जुनी शिलाई मशिनं विकत घेणाऱ्या दुकानदाराची एक ठेवणीतली युक्ती होती. मशीन कितीही ठणठणीत असो, चाक दोनदा फिरवायचं, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "हे तर टाके सोडतंय!" किंमत लगेच निम्म्यावर यायची. नजर अधू झाली म्हणून शिवणकाम बंद करणाऱ्या मावशींचं मशीनही त्यानं असंच पदरात पाडून घेतलं.

आठवड्यानं मावशी पुन्हा दुकानात आल्या. हातात सुईदोरा.

"दादा, तुमच्यासारख्या जाणकारानं सांगितलं म्हणून कळलं हो. तीस वर्षं लोकांना कच्चे कपडे शिवून दिले मी! आता घरोघर जाऊन हातानं शिवणी पक्क्या करून देतेय. तुमच्या अंगातला शर्टही मीच शिवलेला. काढा बघू."

सात वर्षं वापरून विटलेल्या त्या शर्टाच्या शिवणीवरून दुकानदारानं बोट फिरवलं.

"मावशी, एकही टाका सुटलेला नाही. मशीन चांगलंच होतं. खोटं मी बोललो."

मावशी चाचपडत सुईत दोरा ओवत होत्या.

"माझं मन राखायला कशाला खोटं बोलता, दादा? काढा शर्ट."