रात्री आठचं कार्ड

"ते कार्ड काढा ना, मित्सुएसान," शिझुयो म्हणाली. "वेळ वाचा. जरा मोठ्याने."

कान तिचे शाबूत होते, तरी मोठ्याने वाचायला सांगायची तिची जुनी खोड. दर चौदा ऑक्टोबरला ती शेजारून येई आणि हेच मागे.

आज खोलीत परका माणूस होता. शहरातल्या रेडिओ श्रोता मंडळाचा मुरोई. गेल्या वसंतात वारलेल्या इवाओची कार्डं तो खोक्यात भरत होता. मित्सुएने नवऱ्याच्या फोटोखालचं तेवढं एक कार्ड त्याला दिलं नव्हतं. ते कसं देणार?

कैक वर्षांपूर्वी चौदा ऑक्टोबरच्याच रात्री, आठ वाजता, बंदराच्या रस्त्यावर कुणीतरी शिझुयोच्या तेत्सुयाला गाडीने उडवलं होतं. बारा वर्षांचं पोर. परदेशी केंद्रं ऐकायचं वेड त्याला इवाओनेच लावलेलं. मित्सुए तेव्हा माहेरी होती. इवाओच्या गाडीला पोचा दिसला आणि गावाने काय ते ठरवून टाकलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

"मी घरी रेडिओ ऐकत होतो," एवढंच इवाओ सांगत राहिला. दोन महिन्यांनी युरोपातल्या केंद्राचं पोचकार्ड आलं. ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील श्रोत्याने कळवायचा आणि तो जुळला की केंद्राने तारीख-वेळ घालून असं कार्ड धाडायचं, अशी रीत. रेडिओतलं मित्सुएला ओ की ठो कळत नसे, पण तारीख आणि वेळ तिला वाचता येत होती. ती अनवाणीच शेजारी धावली.

शिझुयोने कार्ड बराच वेळ पाहिलं, मग कमरेत वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराने गाव गप्प झालं आणि मित्सुएचा संसार तरला. इवाओने मात्र पुन्हा रेडिओला हात लावला नाही. दर चौदा ऑक्टोबरला शिझुयो आली की तो मागच्या अंगणात जाऊन बसे. पोराच्या आठवणीने जीव तुटत असेल, असं मित्सुएला वाटे.

तिने चष्मा चढवला. "चौदा ऑक्टोबर, वीस वाजता. रात्रीचे आठ."

"आपल्याकडचे नव्हेत, आजी," मुरोई खोकं बांधता बांधता हसला. "कार्डावर लंडनची वेळ घालतात. आपला जपान नऊ तास पुढे. आजोबांनी हे ऐकलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला."

मित्सुएने कार्ड उपडं ठेवलं. फोटोकडे बघायचा तिला धीर होईना, आणि शिझुयोकडे तर त्याहून नाही.

"शिझुयोसान, देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं," शिझुयो म्हणाली. तिने उदबत्ती पेटवून इवाओच्या फोटोपुढे नीट रोवली. "माझा तेत्सुया पहाटे पाचला गजर लावून उठायचा. मी किती रागवायचे. त्याच्याही कार्डांवर रात्रीचे आठच असायचे."