आरपार वाऱ्याचा प्रयोग

शुक्रवारी सकाळी रादोय्का उठली ती वाकड्या मानेनंच. मान उजवीकडे वळलेली आणि सरळ व्हायचं नाव घेईना. बरं, दिवस कुठला? तर नेमका शिबिराचा शेवटचा. अकरा वाजता प्रयोगाचा निकाल होता आणि तो ऐकायला गावातल्या झाडून साऱ्या आज्या येणार होत्या.

"मेले मी!" ती भिंतीला म्हणाली. तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

रादोय्कानं तीस वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काढली होती आणि निवृत्तीनंतरची दोन टीव्हीसमोर. यंदा मुलांच्या उन्हाळी शिबिरात विज्ञानाचा तास घ्यायला ती आपणहून उभी राहिली, एक दिनारही न घेता. त्या तासासाठी ती हल्ली केस विंचरायची. खरं सांगायचं तर त्या तासासाठीच ती उठायची.

आता या गावात माणूस मरतो तो दोनच कारणांनी, म्हातारपणानं आणि प्रोमायानं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आरपार घुसतो तो वारा म्हणजे प्रोमाया. त्यानं मान आखडते, मूत्रपिंड बिघडतं, तोंड वाकडं होतं, झालंच तर ठरलेलं लग्न मोडतं. हे कुणी शाळेत शिकवत नाही, दुधाबरोबर पाजतात. रादोय्काला वाटलं, पोरांना विज्ञान शिकवायचंय ना, मग सुरुवात इथूनच.

मुलं चौदा. सात जणांनी दोन खिडक्यांच्या मधोमध बसायचं, सात जणांनी कोपऱ्यात. रोज एक तास, असे दहा दिवस. वही दिली तियानाकडे. वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात पडलेले, पण काटेकोर अशी की वकिलानं पाणी भरावं.

"दिसेल ते लिहायचं," रादोय्कानं तिला बजावलं. "आपल्याला आवडो न आवडो. कुणाची भीड ठेवायची नाही."

तिसऱ्या दिवशी तियानाची आजी मिलुंका दारात येऊन उभी राहिली. गावातल्या आज्यांची ही पुढारी. तिच्या पिशवीत सात बनियन होते, वाऱ्यातल्या सात पोरांसाठी.

"रादोय्का, उभा जन्म आम्ही खिडक्या लावत काढला, तो काय वेड्या होतो म्हणून?"

"हो," रादोय्का म्हणाली.

हे म्हणायला नको होतं. दुपारपर्यंत गावभर झालं. शिबिराचा प्रमुख वुकाशिन, सव्वीस वर्षांचा धिप्पाड गडी, आज्यांना मात्र चळाचळा कापायचा. तो घाम पुसत आला. "रादोय्का मावशी, एक जण जरी आजारी पडला ना, तर तुमचा तास कायमचा बंद. पुढच्या वर्षी त्या वेळात भरतकाम."

दहा दिवस झाले, कुणी साधं शिंकलंही नाही. आणि आता ही मान.

अडतीस अंशांच्या उन्हात गळ्याला रुमाल गुंडाळून रादोय्का सभागृहात पोचली. आज्या भिंतीकडेच्या बाकांवर, खिडकीपासून लांब, पंखे हलवत बसल्या होत्या. पोरांनी सवयीनं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. तियाना वही घेऊन पुढं आली.

"वाऱ्यातली मुलं सात. आजारी शून्य. कोपऱ्यातली मुलं सात. आजारी एक. ओग्नयेनचं पोट दुखलं. त्यानं बावीस जर्दाळू खाल्ले होते."

"रादोय्का," डावीकडून मिलुंकाचा आवाज आला, "जरा इकडं बघ गं."

मान वळेना. रादोय्का मग कपाट सरकवावं तशी पायांसकट वळली.

"मान गेली हिची!" मिलुंका टाळी पिटत ओरडली. "बघितलंत? सांगत नव्हते मी?"

एकच गलका उडाला. कुणीतरी पर्समधून राकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली काढली, मान चोळायला. वुकाशिन खिडकी लावायला धावला. झोपेत अवघडली म्हणून सांगता आलं असतं. पण चौदा पोरं तिच्याकडे टक लावून बघत होती. रादोय्काला रडू फुटायच्या बेतात होतं. गेला आपला तास, गेलं सगळं.

"तियाना, लिही," ती म्हणाली. "बाई. मान आखडली. आज सकाळी."

तियानानं लिहिलं नाही. ती मागची पानं उलटत बसली.

"पण बाई, तुम्ही वाऱ्यात नव्हताच."

"म्हणजे?"

"आम्ही खिडक्या उघडल्या की तुम्ही बोलत बोलत दाराआड जायचात. कॉलर वर करायचात आणि तास संपेपर्यंत तिथंच उभ्या राहायचात. दहाही दिवस लिहिलंय मी. भीड ठेवायची नाही म्हणाला होतात." तिनं पेन्सिल थुंकीनं ओली केली. "म्हणजे वाऱ्यात बसलेले सगळे धडधाकट. वारा चुकवणाऱ्या बाईंची मान आखडली. असंच लिहू ना?"

रादोय्का 'काहीतरीच काय' म्हणायला गेली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपल्या पाठीला दार लागतंय. इथं कधी येऊन उभी राहिले, देव जाणे.

वुकाशिनचा हात खिडकीच्या कडीवरच राहिला. मिलुंकानं आधी नातीकडे बघितलं, मग दाराआडच्या रादोय्काकडे, रुमालापासून चपलांपर्यंत. हळूहळू तिचा चेहरा निवळला.

"उघडीच राहू दे रे ती," ती वुकाशिनला म्हणाली. "पुढच्या वर्षीही हिलाच बोलव. पोरांना काय शिकवायचं ते शिकवू दे, बाई आपल्यातलीच आहे."