सातव्या महिन्यातला शिरा

“बाळाच्या नावानं चार घास खा गं,” म्हणत सासूबाईंनी साजूक तुपातल्या शिऱ्याची वाटी पुढे केली. सातवा महिना होता. मी खाल्ला.

आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “तुला पाळी बिघडवणारं पीसीओएस होतंच, आता रक्तातली साखरही वाढलीय. गोड बंद कर, जेवल्यावर अर्धा तास चाल.” पण लग्न ठरताना माझ्या आईनं बजावलं होतं, “पाळीचं दुखणं सासरी बोलायचं नाही हं!” साखरेचं सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं. मग लाडू आले, खीर आली. मी खात गेले.

बाळ जन्मलं आणि माझ्या वाढलेल्या साखरेपायी तासाभरात त्याची साखर एकदम उतरली. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा मी सासूबाईंना सगळं सांगितलं. पेटीकडेच बघत त्या म्हणाल्या, “अगं, एकदा बोलायचंस ना! मी नाचणीची भाकरी थापली असती. शिऱ्याची हौस माझी होती, बाळाची कुठे होती?”

चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. आता ते घरभर रांगतंय. सासूबाई मात्र माझ्या पानात काहीही वाढण्याआधी थांबतात. “हे चालेल ना गं तुला?”

पूर्वी त्या विचारत नसत.